काचेतल्या मुठी

१२ जानेवारी

प्रिय चिमटे,

घर सोडून पडद्यांच्या दुकानातून पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. कारण सोपं आहे. घर दोन खोल्यांचं आणि तुझे दादा दिवसभर त्यातच. फोनवर बोलावं तर हे पलीकडून माझ्या वाक्यांत दुरुस्त्या सांगतात. मेसेज करावा तर माझा फोन दुपारभर यांच्याच मांडीवर. नवऱ्याबद्दल नणंदेकडे कुरकुर करायची तर तेवढी तरी मोकळीक हवी ना! म्हणून जेवणाच्या सुट्टीत शिवणयंत्रावर कागद ठेवून लिहितेय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

आधी बातमी. यांचं बोट हललं!

अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात कसा होता ते तू पाहूनच गेलीस. कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा मांडीवर पडलेला. पाय आला, बोलणं आलं, बोलणं तर जरा जास्तच आलं, पण हात काही येईना. आणि ज्या माणसानं जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शिडीवर उभं राहून पट्टीशिवाय सरळ रेघ मारली, त्याच्याकडे हाताशिवाय दुसरं आहे काय? व्यायामवाली बाई येऊन "मूठ उघडा, मूठ मिटा" म्हणायची आणि हे भिंतीकडे बघत बसायचे. एकदा तिच्यावर असे खेकसले की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. हा हात आला नाही तर हा माणूस नुसता श्वास घेत राहील, हे मला तेव्हा कळलं.

तू यांची करमणूक म्हणून ती खाऱ्या पाण्याची टाकी लावून गेलीस तेव्हा खरं सांगते, मनात म्हटलं, घ्या, पुसायला आणखी एक काच! पण तुझं ते फिकट गुलाबी झुडूप पाहिलं आणि थबकले. प्रत्येक देठाच्या टोकाला इवला पंजा, आणि प्रत्येक पंजा आपला उघडतोय, मिटतोय. न थकता, न कंटाळता. म्हटलं, हीच खरी व्यायामवाली. यांची खुर्ची टाकीसमोर ओढली, उजवा हात उचलून काचेला टेकवला आणि सांगितलं, "माझं ऐकू नका, बाईचं ऐकू नका. ते करतंय तसं करा."

बरेच दिवस काही नाही. काल चहा घेऊन गेले तर करंगळी हलत होती. बरोब्बर त्याच्या तालात.

तुझी,
वहिनी

१९ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं आणि ओरडले. मालक धावत आले, त्यांना वाटलं टाकी फुटली. दादाची करंगळी! त्या करंगळीनं लहानपणी मला किती गुदगुल्या केल्यात, तिला माझा नमस्कार सांग.

आता जरा माझा धंदा ऐक, नाहीतर ते झुडूप तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटेल. पहिलं म्हणजे ते झुडूप नाही, जनावर आहे. मऊ पोवळं. आमच्यात त्याला झेनिया म्हणतात. त्याला वाढवावं लागत नाही, आवरावं लागतं. म्हणून मी त्याचा दगड वाळूत एकटा ठेवला होता. चहूबाजूंनी मोकळी वाळू राहू दे. दगडाला दगड टेकला की ते चढलंच समज, आणि मग बाकीच्या पोवळ्यांचा श्वास कोंडतं. काचेपासूनही लांब ठेव. खूप वाढलं तर कात्रीनं देठ काप, तुकडा काढून घे. खाली राहिलेला बुंधा परत फुटतो, काळजी नको.

माझ्या घरी त्याचं मूळ झाड आहे. झाड नाही म्हटलं आणि मीच झाड म्हणतेय! दर शनिवारी सकाळी मी ते छाटते आणि तुकडे दुकानात विकायला नेते. गंमत सांगू? तुकडा पडला म्हणून ते दुसरं जनावर होत नाही. तुझ्याकडे आहे ते माझ्याकडच्याचं पिल्लू नाही, तेच आहे. इथल्या दातांच्या डॉक्टरकडे आहे ते पण तेच, शाळेतल्या टाकीत आहे ते पण तेच. एकच जीव, चार घरांत राहतो. थोडक्यात, तुझ्या घरी मी चोवीस तास हजर आहे, तेव्हा दादावर जपून ओरड.

चिमटी

१६ फेब्रुवारी

प्रिय चिमटे,

उशीर झाला, पण कारण चांगलं आहे. आता पूर्ण मूठ होते. उघडते, मिटते. व्यायामवाली बाई तोंडात बोट घालून बघत राहिली. हे तिला म्हणाले, "तुम्ही शिकवलंत म्हणून आलं." इतका गोड खोटारडेपणा या माणसानं आमच्या लग्नानंतर कधी केला नव्हता.

एक कबूल करते. दगड मी काचेजवळ आणला. यांना नीट दिसत नव्हतं, आणि जवळ असलं की हात जास्त हलतो, हे मी पाहिलं होतं. आता ते काचेवर चढलंय. पण सगळ्या काचेवर नाही. यांचा तळवा बाहेरून जिथे टेकतो ना, आतून तेवढ्याच जागेवर. आजूबाजूची काच लख्ख. मी यांना म्हटलं, तुमची सावली पडते म्हणून असेल. हे म्हणाले, "असेल."

दुसरं म्हणजे, हात आता टाकीपासून दूर असला तरी चालतो. जेवताना चमचा तोंडापाशी येतो आणि मूठ उघडते. चमचा खाली. पेपर वाचताना उघडते, मिटते. दुपारी झोपलेले असतात तेव्हाही. काल म्हटलं, "अहो, आता जरा थांबवा ना, माझं डोकं भणभणायला लागलं." तर माझ्याकडे बघून म्हणाले, "मी कुठे करतोय?"

आणि शनिवारी सकाळी भलतंच होतं. सगळा आठवडा घड्याळासारखा चाललेला हात शनिवारी एकदम घट्ट मिटतो आणि उघडतच नाही. हे कळवळतात. दुपारनंतर हळूहळू सैल पडतो. थंडीनं असेल, नाही का? पण थंडीला वार कसा कळतो?

वहिनी

२४ फेब्रुवारी

वहिनी,

पूर्ण मूठ! मी दुकानात सगळ्यांना बिस्किटं वाटली.

काचेवर चढलं यात नवल काही नाही, ते मिळेल तिथे चढतं. पण आता छाट. टाळू नकोस. हात स्वच्छ धू, कात्रीला साबण लागलेला नको, देठ बुंध्याशी काप, कापताना ते आक्रसून गोळा होईल, घाबरू नकोस. काचेवरचं जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं खरवडून काढ. तुकडे नळीनं ओढून घे, नाहीतर जिथे पडतील तिथे नवा संसार थाटतील.

हात आपोआप हलतो म्हणतेस ते डॉक्टरांच्या कानावर घाल. झटक्यानंतर नसा अशा उड्या मारतात म्हणे. शनिवारचं काही मनावर घेऊ नकोस. एकदा मनात बसलं की माणूस तेच बघत राहतो. सोमवारीही कधीतरी दुखला असेल, तुझ्या लक्षात राहिला नाही इतकंच.

चिमटी

११ मार्च

चिमटे,

छाटायला गेले होते. बाह्या वर केल्या, कात्री घेतली, टाकीत हात घातला. हे खुर्चीवर होते. एकदम म्हणाले, "नको." मी म्हटलं, "अहो, तुमच्या बहिणीनंच सांगितलंय, बाकीची दोन पोवळी मेली बघा त्याच्या खाली." म्हणाले, "मेली तर मेली. माझा हात कापतेस का?" आवाज चढला नाही. चढला असता तर मीही चढवला असता, आमचं ठरलेलंच आहे. पण हे रडत होते, गं. इतक्या वर्षांत मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. कात्री ठेवून दिली.

मग गेल्या बुधवारचं सांगते. शनिवार नव्हता, बुधवार होता, नीट वाच. सकाळी मी दुकानाला निघताना हे दारापर्यंत आले, उजव्या हातानं माझं मनगट धरलं. नुसतं लाडानं, हल्ली हात चालतो म्हणून कौतुकानं धरतात. आणि ती मूठ मिटली. मिटली ती मिटलीच. मी म्हटलं, "सोडा, उशीर होतोय." हे म्हणाले, "सोडतोय." घाम फुटला यांना. डाव्या हातानं एकेक बोट उचकटायला गेले तर उचकटेना. आम्ही दोघं दारातल्या पायऱ्यांवर बसून राहिलो, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल म्हातारपणी नवं प्रेम फुटलंय. दुपार कलल्यावर बोटं सुटली. माझं मनगट अजून काळंनिळं आहे. दुकानात दार लागलं म्हणून सांगितलं.

मला भीती वाटली, चिमटे. दुखलं म्हणून नाही. धरणारा हात यांचा होता आणि धरणारे हे नव्हते.

वहिनी

१७ मार्च

वहिनी,

हे पत्र वाचून फाडून टाक.

त्या बुधवारी सकाळी मी कापलं होतं. शनिवारऐवजी मुद्दाम बुधवारी, कुणाला न सांगता. तुझ्या शनिवारांवर मी हसले, पण मनातून जाईना, म्हणून करून पाहिलं. मी कात्री लावली की ते आक्रसतं, तासन्‌तास मिटून राहतं. माझ्याकडे मिटतं आणि तिकडे दादाची मूठ मिटते. मीच गमतीनं लिहिलं होतं ना, एकच जीव म्हणून. आता गंमत वाटत नाही.

मी यापुढे कात्री लावणार नाही. पण वहिनी, मी एकटी थोडीच आहे? किती जणांना विकले असतील तुकडे. दातांचा डॉक्टर छाटेल, शाळेतले मास्तर छाटतील, कुणाची तरी मुलं काडीनं टोचतील. त्या सगळ्यांच्या हातात दादाचा हात का द्यायचा?

काढून टाक. सगळं. दगडासकट बाहेर काढ, उन्हात वाळव. दादाला मी येऊन समजावते. हात यायचा तो आलाय, आता त्याला त्या जनावराची गरज नाही.

चिमटी

२० एप्रिल

प्रिय चिमटे,

नाही काढलं. आणि तू येऊ नकोस, निदान आत्ता.

कारण ऐक. यांनी ब्रश धरला. माझ्या दुकानाची पाटी जुनी झाली होती, मालकीणबाईंनी सहज म्हटलं आणि हे म्हणाले, "आणा फळी." मूठ मिटते तेवढ्या वेळात ब्रश टेकवायचा, ओढायचा, मूठ उघडली की ब्रश खाली. पुन्हा उचलायचा, पुन्हा मिटण्याची वाट बघायची. एका "प"साठी सकाळ गेली. जमिनीवर सगळीकडे निळे डाग. पण तो "प" बघ तू एकदा! झटक्याच्या आधीचा हात आहे तो. हे मागे सरले, मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोट जरा मोठं झालं." चिमटे, माझा नवरा परत आला. चुका काढणारा, जमिनीवर रंग सांडणारा माझा नवरा.

आता मला सांग, मी ते काढून टाकू? आणि हात पुन्हा मांडीवर पडला तर? तू म्हणतेस, गरज नाही. मी हिंमत करून एकदा टाकीवर दिवसभर काळा पडदा टाकून ठेवला होता, बिचारं अंधारात मिटून बसलं. हात संध्याकाळपर्यंत गारठून गेला. पडदा काढला तेव्हा नखं निळी होती. त्यानंतर माझं ठरलं.

टाकीत आता दुसरं काही उरलं नाही. सगळीकडे मुठी. मीही बघत बसते हल्ली. वाईट नाहीत गं त्या. एकीला मिळालं की सगळ्यांना मिळतं, भांडण नाही, रुसवा नाही. तू फक्त तुझ्याकडचं जप आणि जमेल तितक्यांना सांग, छाटू नका म्हणून.

वहिनी

७ मे

वहिनी,

घाईत लिहितेय. फोन केला तर दादानं उचलला आणि "सगळं ठीक, ती झोपलीय" म्हणून ठेवला. ती झोपलीय? भर दुपारी तू?

माझ्याकडचं गेलं. सकाळी उठले तर मुठी वितळून पाणी दुधाळ झालेलं. झेनियाचं असं होतं, धंद्यातली सगळी माणसं सांगतात. वर्षानुवर्षं फोफावतं आणि एका दिवसात विरघळतं, कारण कुणालाच कळत नाही. पण दुपारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला, त्यांचंही गेलं. शाळेतलंही. ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांचं, आजच.

तुझ्याकडचंही जात असेल. तुला काढून टाक म्हणणारी मीच, पण दादाच्या निळ्या नखांचं वाचल्यापासून मला झोप नाही. म्हणून सांगते. एखादी फांदी अजून घट्ट असेल तर ती काप, ताज्या खाऱ्या पाण्यात धू, आणि नव्या दगडावर धरून ठेव. दोऱ्यानं बांधू नकोस, मऊ पडलेल्याला दोरा कापतो. हातानंच धर, अलगद, न हलवता. जिवंत तुकडा ज्याला टेकवाल त्याला धरतो, फक्त धीर हवा. धरलं की वाचलं.

लगेच कळव.

चिमटी

९ जून

चि. चिमटीस,

अक्षर ओळखलंस का? ओळख बघू. उजव्या हातानं लिहितोय, टेबलाशी बसून, एकही डाग न पाडता. वेलांट्या बघ.

तुझी पत्रं दुकानात यायची हे मला गेल्या महिन्यात कळलं. तुझी वहिनी दुकानात जाईना, तेव्हा मालकीणबाईंनी तुझं घाईतलं पत्र घरी पाठवलं. चोरून कुरकुर करता काय दोघी! करा. तुम्ही दोघींनी मला हात दिलात, तेव्हा तुम्हाला माफ.

मागच्या महिन्यात मात्र घाबरलो होतो. सकाळी ती टाकी दुधासारखी झाली आणि माझा हात कोपरापासून मेला. पहिल्यासारखा. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलो, फोनवर तुला सगळं ठीक म्हणालो, पण आता खोटं कशाला बोलू, मला जगायचं नव्हतं. तुझी वहिनी तुझं पत्र यायच्या आधीच कामाला लागली होती. एक तुकडा जिवंत उरला होता, तो दगडावर ठेवला की सुटायचा, शिंपल्यावर ठेवला की सुटायचा. तू वितळल्याचं कळवलंस, धरून ठेव म्हणालीस. तिनं धरला. खुर्ची घेऊन टाकीपाशी बसली, हात कोपरापर्यंत पाण्यात. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला माझ्या तळहाताला मुंग्या आल्या.

आणि आता बघ! ते उघडणं मिटणं गेलं. धरलं की धरलेलं राहतं. किराणावाल्याची पाटी केली, औषधाच्या दुकानाची केली, शिडीवर चढून केली. हात इतका शिस्तीचा झालाय की सकाळी दहाला आपोआप घट्ट होतो, दुपारी जेवायच्या वेळेला सैल पडतो, जेवण झालं की पुन्हा तयार, संध्याकाळी पाचला सुटी. सरकारी नोकरीतला हात आहे म्हण.

तुझी वहिनी जरा थकली आहे. शिवणकाम सोडलं तिनं. दिवसभर टाकीपाशी बसते, म्हणते अजून दगडाला नीट धरलेलं नाही. मी म्हटलं, आता पुरे, ठेव खाली. तर म्हणते, तुम्ही तुमचं काम करा. न्हाणीघरात जायचं तर बादलीत पाणी घेऊन, हात बादलीत ठेवून जाते. हसलो मी, पण ती हसली नाही. हल्ली बोलतेही कमी. वयाचं असेल. तू एकदा लिही तिला, तुझं ऐकते.

तुझा,
दादा

१५ जून

वहिनी,

हे पत्र शेजारणीच्या पत्त्यावर पाठवतेय आणि फक्त तुझ्या हातात द्या म्हणून वर लिहिलंय.

दादाचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला काही कळलेलं नाही, किंवा कळून घ्यायचं नाही. मला कळलं. ते दगडाला धरत नाहीये, कारण त्यानं तुला धरलंय. दहाला तू मूठ मिटतेस, पाचला उघडतेस. खरं ना?

वहिनी, मी म्हटलं होतं, धरून ठेव. हे म्हटलं नव्हतं. ते कातडीवर राहू शकत नाही, राहायला नको. तुला घरभर बडबड करताना ऐकत मी मोठी झाले. आई गेल्यावर तुझ्याच पलंगावर झोपायचे मी. दादाचा हात मला हवाय, पण तुझ्या बदल्यात नकोय. ऐकते आहेस ना? प्लास्टिकचं कार्ड घे आणि मनगटाकडून बोटांकडे खरवड. दुखलं तर डॉक्टरकडे जा, काहीही सांग, पण जा. दादाला पाट्यांशिवाय जगायला शिकू दे. इतकी माणसं शिकतात.

आणि तुला जमत नसेल तर मी करीन. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतेय. दादाला सांगू नकोस.

तुझी,
चिमटी

२१ जून

प्रिय चिमटे,

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर गोड मानून घे. शेजारीण समोर बसून कागद धरतेय आणि खिडकीबाहेर बघतेय, चांगली बाई आहे.

तू ओळखलंस, बरं झालं. कुणाला तरी माहीत असावं असं वाटत होतं.

खरवडून पाहिलं, गं. तुझं पत्र यायच्या आधीच पाहिलं. हे किराणावाल्याच्या पाटीवर होते, शिडीवर. मी कार्ड घेतलं, तळव्याच्या कडेचा एक पंजा उचकटला. फक्त एक. थोड्या वेळानं किराणावाल्याचा माणूस यांना धरून घरी घेऊन आला. करंगळी सुटली म्हणाले, रंगाचा डबा हातातून गेला, तोल गेला, शिडीला दुसरा हात घातला म्हणून वाचले. घरी येऊन इतके घाबरलेले होते की मला बिलगून बसले. मी डाव्या हातानं थोपटलं. म्हटलं, काही नाही, चक्कर असेल.

त्यामुळे ते कार्ड मी फेकून दिलं. पडदे शिवायला दोन हात लागतात, अक्षर काढायला एक. माझे दोन्ही चालू असताना यांचा एक बंद होता, आता माझा एक बंद आहे. मला यात तोटा दिसत नाही. हे सकाळी शीळ घालत दाढी करतात, चिमटे. तू ऐकलीस तर तूही कार्ड फेकशील.

दुखत नाही. थंड वाटतं. माझा तळवा मला आता कळत नाही, पण यांचा कळतो. ब्रशचा लाकडी दांडा, शिडीचा लोखंडी गज, परवा यांनी रस्त्यात कुणाच्यातरी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तेही कळलं. मी बडबडत नाही म्हणून हे काळजी करतात. बोलायचं राहून जातं, इतकंच. तिकडचं ऐकण्यात वेळ जातो.

आता तुझ्याशी कामाचं बोलते. रविवारी येतेयस ते चांगलंच आहे, मी तुला बोलावणारच होते. माणसाची कातडी खाऱ्या पाण्यात कायमची टिकत नाही. माझी सुटायला लागलीय, बोटांच्या बेचक्यांत जास्त. पावसाळाभर निघेल, पुढचं सांगता येत नाही. त्याच्या आत ते दुसरीकडे गेलं पाहिजे, आणि दगडावर ते जात नाही, सगळं करून पाहिलं. शेजारणीचं बोट चुकून लागलं तर आक्रसलं. परकं चालत नाही त्याला असं दिसतं. तू यांची सख्खी बहीण. शिवाय ते इतकी वर्षं तुझ्याच पाण्यात वाढलं.

तुला कापावं लागणार नाही, ओढावं लागणार नाही. माझ्या तळव्याला तळवा लावून थोडे दिवस नुसतं शेजारी बसायचं. टेकलं की चढतं. दोन खुर्च्या लावून ठेवल्यात. तुझ्या लहानपणी झोप येईपर्यंत मी तुझा हात धरून पडायचे, तसंच समज. पुढे सवय होते. दहाला मिटायची, जेवायच्या वेळेला सोडायची, पाचला सुटी.

तू रागावून आली असशील तरी ये. एकदा यांना काम करताना बघ, मग काय ते ठरव. मी तुला काहीही म्हणणार नाही.

हे औषधाच्या दुकानाच्या मागच्या भिंतीचं मोठं काम घेणार आहेत, खुशीत आहेत, तेव्हा यांच्यासमोर विषय नको. आणि उजव्या हातातली अंगठी घरीच काढून ये. पाण्याला धातू चालत नाही.

तुझी,
वहिनी